साडूशिवाय व्हायचं न्हाई

आमच्या थोरल्या साडूंच्या मते या जगात बिघडलेलं असं काहीच नाही. जे आहे ते सगळं नीटच आहे, फक्त मध्ये कुठंतरी फॉल्ट आहे आणि तो अजून सापडलेला नाही. इतका आशावादी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका ताप देणाराही. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. त्यातला निम्मा खांबावर गेला आणि उरलेला निम्मा पुढच्या खांबाकडे चालत. निवृत्त झाल्यावर वडीगोद्रीच्या घरी येऊन बसले असं आपलं म्हणायचं, पण बसले कधीच नाहीत. त्यांच्या डोक्यातला अंबड-वडीगोद्री रस्ता अजून खांबांचाच आहे. खांब कधीच उपटून नेले, तारा जमिनीखाली गेल्या, तरी हे पत्ते खांबांवरूनच सांगणार. एकदा मला एका मोसंबीच्या मळ्यात जायचं होतं, तर म्हणाले, "तिरपा खांब हाय ना, तिथून उजवीकडं वळा." मी तिरपा खांब शोधत तासभर उन्हात हिंडलो आणि परत येऊन तक्रार केली. त्यावर अगदी शांतपणे म्हणाले, "तो तर कवाच काढला. पन जागा तीच हाय की."

लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात तसा हे टेस्टर लावत. बँकेत सही करायला त्यांनी तोच काढला होता आणि कागदावर शाई का उमटत नाही म्हणून कागद उलटासुलटा करून पाहिला होता, हे मी स्वतः शेजारी उभं राहून पाहिलेलं आहे. समोरासमोर बोलतानाही सुरुवातीला दोनदा "हालो, हालो" म्हणायचे. माझ्या लग्नात आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या तोंडापुढं तोंड आणून ते "हालो, हालो" म्हणाले आणि मी "बोला" म्हणेपर्यंत हलले नाहीत. मागं वऱ्हाडी खोळंबले होते. आणि सगळ्यांत मोठी खोड म्हणजे त्यांचा तो प्रश्न: "अल्याड का पल्याड?" लाइन बंद पडली की मधोमध जायचं, तिथं तार तपासायची आणि फॉल्ट अल्याडच्या अंगाला आहे की पल्याडच्या, हे ठरवायचं, अशी त्यांची कामाची रीत. ती त्यांनी साऱ्या संसाराला लावली. भावाभावांत भांडण लागलं, अल्याड का पल्याड? दूध नासलं, अल्याड का पल्याड? एकदा पोट दुखत होतं तर डॉक्टरला म्हणाले, "दुखून राह्यलं खाली, पन फॉल्ट वर असंल. तुम्ही आधी दात बघा." डॉक्टर हसले, मीही हसलो. मग डॉक्टरांनी त्यांचं मन राखायला दात पाहिले, तर दाढ किडलेली. त्या दिवसापासून त्यांना अडवायची सोय उरली नाही.

अशा या माणसाच्या घरात बिनतारेचं इंटरनेट आलं, आणि त्या भानगडीत मी सापडलो.

त्यांची एकुलती एक लेक वैशाली. पुण्याला इंजिनियर झाली, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली आणि कंपनीनं तिला परदेशी पाठवलं. त्याच सुमारास अक्कांनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, माझ्या थोरल्या मेव्हणीनं, अंबडचं एक चांगलं स्थळ पक्कं करत आणलेलं होतं. पोरगी नाही म्हणाली आणि विमानात बसली. अक्का बोलायला आधीच कमी. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "जा. तुझा फोन मी कानाला लावनार न्हाई." आणि खरंच लावला नाही. फोन वाजला की उठून परसात जायच्या. बाप लेकीशी बोलायचा, आई तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालायची. सहा-सात महिने असे गेले. तुळस सडायला आली.

साडूंना झोप लागेना. शेवटी त्यांनी या शपथेतही फॉल्ट शोधून काढला. पोरगी जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली होती, त्यावरून बोलता येत होतं; चेहरा दिसत नसे, नुसता आवाज. साडू अक्कांना म्हणाले, "हे तर कानाला लावायचंच नस्तं. नुसतं समोर बसायचं. तुझी शपत जागच्या जागी." अक्कांनी दोन दिवस विचार केला आणि एका रविवारी चारच्या सुमारास पदर सारखा करून लॅपटॉपसमोर जाऊन बसल्या. तिकडून लेकीचा आवाज आला. अक्का म्हणाल्या, "जेवलीस का?" ती म्हणाली, "हो." मग दोघी गप्प झाल्या आणि थोड्याच वेळात लाइन तुटली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अक्का उठता उठता म्हणाल्या, "तिनंच ठिवला."

साडूंना घोर लागला. सहा महिन्यांनी मायलेकी बोलायला लागल्या आणि हे यंत्र असं मध्येच माती खातंय. दोघींची मनं पुन्हा विटली तर कुठली पक्कड घेऊन जोडायची? त्यांनी लेकीला विचारलं. तिनं फोनवरून एका काळ्या खिडकीत कोणती अक्षरं टाइप करायची ते सांगितलं, म्हणजे बिनतारेच्या जोडणीची सगळी हकिकत दिसते. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मला जालन्याला साडूंचा फोन आला. "हालो, हालो. गुरुजी, आइतवारी या. पोरगी म्हनती, नुसतं बघायला कुनीबी चालतंय, पन काही बदलायचं आसंल तर साडू लागतो. त्याच्याबिगर व्हायचं न्हाई."

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस. सरकारनं सक्ती केली म्हणून कॉम्प्युटरची परीक्षा दिली होती. त्यात एक अर्ज टाइप केला, एक घर काढलं, घराला लाल रंग दिला आणि पास झालो. पण पोरीनं सातासमुद्रापलीकडून माझी आठवण ठेवली म्हणजे काही कमी नाही. रविवारी धुतलेला सदरा घालून एसटीत बसलो.

लॅपटॉप उघडला आणि माझं ज्ञान संपलं. आम्हाला शिकवलं होतं की खाली डावीकडं 'स्टार्ट' असं बटण असतं, सगळं तिथून सुरू होतं. इथं ते बटणच नव्हतं. खाली काही नव्हतं, जे होतं ते वर होतं. साडू म्हणाले, "हे येगळं हाय. लिनक्स. याला व्हायरस लागत न्हाई." मी म्हणालो, "हं." त्यांनी काळी खिडकी उघडली, वहीत देवनागरीत उतरवून घेतलेली अक्षरं एका बोटानं टाइप केली, 'आय डब्ल्यू कॉन्फिग', आणि पडद्यावर आठ-दहा ओळी उमटल्या. त्या मी भूगोलाच्या नकाशाकडे बघावं तशा चेहऱ्यानं पाहिल्या. एकच ओळ कळली: पॉवर मॅनेजमेंट, ऑन. साडूंनी तिच्यावर टेस्टर टेकवला. "ही वळ चांगली हाय. पॉवर चालू हाय. हिला हात लावायचा न्हाई." मीही जोरात मान हलवली. आमच्याकडं दिवसातून कितीदा लाइट जायची त्याचा हिशेब नव्हता. राउटर चालावा म्हणून साडूंनी तो ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर जोडला होता. अशा मुलखात पॉवर ऑन आहे असं कुणी लिहून देत असेल तर त्यात कोण शंका काढणार?

साडूंची एक तक्रार वही होती. खात्यातली सवय. रेघा मारून रकाने पाडलेले: वार, वेळ, किती चाललं, शेरा. त्या दिवशीच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, "साडू आले. हं म्हणाले."

पुढच्या रविवारी गेलो तर घरात सुतळी बांधलेली. ओसरीवरच्या राउटरपासून मधल्या घरातल्या लॅपटॉपपर्यंत, छातीच्या उंचीवर, ताणून. मी विचारलं तर म्हणाले, "आवो, तार न्हाई तर लाइन चालायची कशी? आता ही लाइन समजा." आणि त्या सुतळीला बोट लावून ते राउटरपासून लॅपटॉपपर्यंत चालत गेले, वाटेत थांबत, हवा हुंगत. बावीस पावलं. मधोमध उभं राहून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अल्याड का पल्याड?" मी अल्याड म्हणालो, कारण पल्याड म्हटलं असतं तरी तेवढंच खरं होतं. अल्याडच्या अंगाला भांड्यांची मांडणी होती. पितळेचे डबे, स्टीलचे हंडे. साडू म्हणाले, हे लोखंड आवाज गिळतंय. आम्ही दोघांनी ती मांडणी अंगणात नेली. त्या दिवशी अक्कांनी मला चहा अंगणात मांडणीजवळ दिला. चार वाजता बोलणं सुरू झालं आणि तुटलं. तिसऱ्या रविवारी सुतळीवर अक्कांनी लुगडं वाळत घातलं होतं. साडू कळवळले, "आगं, वल्ल्या कपड्यानं अर्थिंग व्हतं." मग शेजारच्या पिठाच्या गिरणीवर संशय गेला. साडूंनी गिरणीवाल्याला तासभर गिरणी थांबवायला लावली. बाहेर डबे घेऊन बायका बसल्या होत्या. त्यांनी कारण विचारलं तर गिरणीवाला म्हणाला, "लाइनमनच्या पोरीचं बोलनं चालू हाय." बायका बिचाऱ्या थांबल्या. त्या दिवशी साडूंनी लेकीला पाऊसपाणी, कापूस, शेजाऱ्याची म्हैस असं सगळं पाव तास ऐकवलं आणि लाइन बिलकुल तुटली नाही. सापडला फॉल्ट, म्हणून ते आनंदानं पाणी प्यायला उठले, अक्का समोर बसल्या, आणि तुटलं.

चौथ्या रविवारी तर कहर झाला. "बरी हायेस का?" "बरी आहे." एवढंच झालं आणि पडद्यावर जोडणी गेल्याची खूण आली. अक्का शांतपणे उठल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "कशाला मशिनीला नावं ठिवता? तिला बोलायचंच नस्तं माझ्याशी. तुमच्याशी पाव घंटा बोलती, माझ्याशी दोन शब्द बोलून ठिवती. आता मी बसनार न्हाई. ती सुतळी सोडा आन् माझी मांडनी आत आना." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

साडू सुतळीखाली मटकन बसले. मला काय करावं ते सुचेना. बावचळलेल्या माणसाला हातात काहीतरी लागतं, म्हणून मी ती तक्रार वही उचलली आणि वाचायला लागलो. वेळ जावा म्हणून मोठ्यानंच वाचलं. "जेवलीस का विचारलं. हो म्हणाली. मंग दोघी गप्प. तुटलं." "मी कापसाचं सांगितलं, चाललं. मंग पानी प्यायला उठलो, ती समोर बसून गप्प. तुटलं." "पोरगी म्हणाली थंडी हाय. ही काही बोलली न्हाई. तुटलं."

"परत वाचा," साडू म्हणाले.

मी परत वाचलं.

"तुटायच्या आधी दर वेळी गप्प हायेत," ते म्हणाले. मग उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा मी त्या दाढेनंतर पहिल्यांदाच तसा पाहिला. "गुरुजी, हे झोपून राह्यलंय. आमचा एक आपरेटर व्हता. काम असलं की वाघ, पन घडीभर घंटी न्हाई वाजली की पेंगलाच. मंग आम्ही काय करायचो, खांबावरून मधी मधी आवाज द्यायचो, हाय का? तो म्हनायचा, हाय. तेवढ्यानं जागा ऱ्हायचा. हे बी तसलंच हाय. कुनी बोललं न्हाई की डोळा लागतो."

लाइन तुटली की पोरगी काळजीनं साध्या फोनवर फोन करायची, तसा तो आला. साडूंनी मलाही ऐकू यावं म्हणून फोन आमच्या दोघांच्या मध्ये धरला. आधी मी बोललो. ती म्हणाली, "काका, आईच ठेवते ना? मला माहीत आहे. बोलायचं नसलं की ठेवून देते." मी काही उत्तर देणार तोच साडूंनी फोन आपल्या तोंडाशी ओढला आणि झोपेचा सिद्धान्त सांगितला. मग पोरगी म्हणाली, "बाबा, तिथं पॉवर मॅनेजमेंट ऑन असं दिसतंय का?"

"दिसतंय की. पैल्या दिवसापासून. पॉवर बराबर हाय."

"बाबा, तोच फॉल्ट आहे. काम नसलं की वीज वाचवायला ते डुलकी घेतं, आणि मग त्याला जाग येत नाही. ते ऑफ करायचं."

चालू असलेली पॉवर आपल्या हातानं बंद करायची, हे साडूंच्या घशाखाली उतरेना. मी खाणाखुणा करून सांगितलं, करू नका. आतून अक्कांचा आवाज आला, "आता हाय ती लाइट बी घालवता का?" पण पोरीवरचा विश्वास मोठा. साडू खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सांग."

"आधी सुडू."

"इथंच हाय."

"काय इथं आहे?"

"साडू. तूच म्हनली ना, बदलायचं तर साडू लागतो. जालन्याहून बोलावलंय त्यांला. चौथा आइतवार हाय त्यांचा."

मग ती एकेक अक्षर सांगायला लागली. "एस. यू. डी. ओ. बाबा, हा शब्द आहे. हुकमाच्या आधी तो टाकला की यंत्र समजतं, घरचा मालक सांगतोय, ऐकायला पाहिजे." आणि तिला हसू आवरेना. मी उगीचच सदऱ्याची घडी नीट केली. चार रविवार, आठ वेळचं एसटीचं भाडं आणि अंगणातली मांडणी माझ्या डोळ्यांपुढून गेली. साडूंनी पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि खुर्चीतून उठले. "बसा गुरुजी. येवढ्या लांबून आला, आता बटन तुम्हीच दाबा." मी बसलो आणि त्यांनी सांगितलेलं एकेक अक्षर दाबलं. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा दोघांनाही घाम फुटला, पण ते तसंच असतं म्हणे. पुन्हा हकिकत पाहिली. पॉवर मॅनेजमेंट, ऑफ. घरातली लाइट मात्र चालूच होती. आम्ही दोघांनीही वर बल्बकडं बघून खात्री केली.

आता चाचणी. साडू स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "हालो, हालो. ऐक. एक डाव ये. बोलायचं न्हाई. बिलकुल बोलायचं न्हाई, तूबी न्हाई, तीबी न्हाई. नुसतं बसायचं. टेस्टिंग हाय."

बोलायचंच नाही ही अट अक्कांना पटली असावी. त्या येऊन बसल्या. पोरगी पुन्हा लॅपटॉपवर आली. साडूंनी हातात घड्याळ धरलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. घरात कुणी हलेना. तिकडून नळ सोडल्याचा आवाज आला, मग कप ठेवल्याचा. अक्का जराशा पुढं सरकल्या. पाच मिनिटं झाली. श्वास ऐकू येत होता, थोडा सर्दी झाल्यासारखा. अक्का आणखी पुढं झाल्या, इतक्या की कान यंत्राला जवळजवळ टेकला. सातव्या मिनिटाला त्यांनी हळूच विचारलं, "ठिवला का?"

"नाही आई. इथंच आहे."

"मला वाटायचं, तूच..."

"मला वाटायचं, तू."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. जरा वेळानं म्हणाल्या, "बरं. बोलू नको. टेस्टिंग हाय."

आणि त्या दोघी तशाच बसून राहिल्या, मला वाटतं अर्धा तास. मी आणि साडूंनी बाहेर येऊन मांडणी उचलली आणि आवाज न करता ओसरीवर आणून ठेवली. मग त्यांनी वही उघडली. इतक्या वर्षांत तक्रार मिटल्यावर ते 'ओके' लिहायचे. त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "दोघी गप्प. तुटलं न्हाई."

तो लॅपटॉप बंद करून चालू केला की पॉवरची गोष्ट विसरायचा. म्हणून दर रविवारी तो हुकूम पुन्हा द्यावा लागे. साडूंना तो पाठ झाला होता, तरी ते आधी मला जालन्याला फोन लावत. "हालो, हालो. साडू टाकून राह्यलो." मी म्हणायचो, "टाका." माझ्याशिवाय यंत्र ऐकत नाही, अशी त्यांची माझ्यासमोर तरी समजूत असे. पुढं पोरगी परत आली, तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, अक्कांनी जावयाला मोसंब्यांचं पोतं दिलं. तो लॅपटॉप आता लोखंडी पेटीत आहे, सुतळी गुंडाळून त्याच्यावरच ठेवलेली आहे. साडूंचं वय झालं. कानानं कमी ऐकू येतं आणि बोलणंही कमी झालंय. खांबसुद्धा एखाददुसरा चुकतो.

पण रविवारी चार वाजता माझा फोन वाजतो. "हालो, हालो. हाय का?" मी म्हणतो, "हाय." त्यानंतर तिकडून काहीच येत नाही. पूर्वी मला वाटायचं लाइन गेली, आणि मी ठेवून द्यायचो. आता ऐकत राहतो. गिरणीचा आवाज येतो, अक्कांनी भांडं ठेवल्याचा येतो, आणि साडूंचा श्वास येतो.

"कोण आहे?" आमची ही विचारते.

"साडू."

"काय म्हणतायत?"

"काही नाही," मी म्हणतो, आणि फोन तसाच कानाला धरून बसतो.